टाळी दिली की दिवा लागतो, मग मीटर शून्य का दाखवतो?

गेल्या अंकात या सदरात घर्षणातून वीज करणाऱ्या (ट्रायबोइलेक्ट्रिक) जनरेटरबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. दोन वेगवेगळ्या प्लास्टिकच्या फिल्म एकमेकींवर आपटल्या किंवा घासल्या की वीज मिळते, आणि चालणं, टायपिंग, वारा, लाटा असल्या हालचालींतून ती गोळा करायचा प्रयत्न चाललाय एवढंच सांगितलं होतं. त्यावर भरपूर पत्रं आणि मेसेज आले. सगळ्यांना जागा देता येत नाहीये, पाच घेतलेत. पहिल्याला जास्त जागा दिलीये कारण तो विचारणाऱ्या मुलीने स्वतः हाताने करून बघितलंय.

प्रश्न : नमस्कार ताई, मी दहावीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी ट्रायबोइलेक्ट्रिक जनरेटर केला. दोन पुठ्ठ्यांवर अॅल्युमिनियम फॉइल चिकटवली, एकावर प्लंबर नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप पट्ट्या पट्ट्या करून लावली, दुसऱ्यावर नुसती फॉइल. दोन्ही टाळीसारखे आपटले की अंधारात एलईडी लुकलुकतो. पण मल्टिमीटर लावला तर ०.०० नाहीतर ०.०२. मग वीज एकाच दिशेने जावी म्हणून चार डायोडचा ब्रिज केला, ती साठवायला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, अर्धा तास आपटत बसले, काहीच नाही. सर म्हणतात वीज तयारच होत नाहीये, विषय बदल. प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलंय. काय करू? – दहावीची विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : विषय अजिबात बदलू नकोस. तुझा जनरेटर चालतोय, अंधारात तो एलईडी लुकलुकला तेव्हाच ते सिद्ध झालं. चुकतंय ते मोजण्यात, आणि ते समजून घेतलंस तर तुझा प्रोजेक्ट हॉलमधल्या बऱ्याच प्रोजेक्टपेक्षा वरचा होईल कारण ही गोष्ट पुष्कळ मोठ्या माणसांच्याही लक्षात येत नाही.

आधी मीटरचं बघू. साध्या डिजिटल मीटरचा आतला रेझिस्टन्स असतो साधारण १० मेगाओहम, घरातल्या बॅटरीसाठी तो प्रचंड मोठा आहे, बॅटरीला कळतसुद्धा नाही की मीटर लावलाय. पण तुझ्या जनरेटरचा स्वतःचा आतला अडथळाच दहापट, कधी त्याहून जास्त असतो. म्हणजे तू चमच्या चमच्याने पाणी ओततेस आणि मीटर हे भोक पडलेलं भांडं आहे, भरायच्या आत रिकामं होतं. शिवाय टाळीचा झटका काही मिलिसेकंदांत संपतो आणि मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, तो झटका त्याला दिसतच नाही.

आता कपॅसिटर. तुझ्या एका टाळीला ०.१ मायक्रोकूलंब चार्ज मिळतो असं धरू, घरी केलेल्या तळहाताएवढ्या जनरेटरला हे बरंच म्हणायचं. व्होल्टेज म्हणजे चार्ज भागिले कपॅसिटन्स. १००० मायक्रोफॅरडने भागलं तर एका टाळीला ०.०००१ व्होल्ट. सेकंदाला दोन टाळ्या, अर्धा तास म्हणजे ३६०० टाळ्या, सगळं जमून ०.३६ व्होल्ट व्हायला हवेत, पण तो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर स्वतःच आतून गळत असतो आणि तुझ्या टाळ्यांच्या वेगापेक्षा त्याचं गळणं जास्त असू शकतं, मग कितीही आपट. त्याच्याजागी १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर घे, चपटा, चौकोनी मिळतो तो. आता एका टाळीला ०.१ व्होल्ट. पन्नास टाळ्यांत पाच व्होल्टच्या आसपास जाशील आणि एक साधा पुश स्विच दाबून लाल एलईडी त्याच्यावर टाकलास की टपकन उजेड पडेल. मीटर लावायचाच असेल तर टाळ्या संपल्यावर लाव, आकडा दिसेल आणि डोळ्यांदेखत उतरत जाईल, कारण १ मायक्रोफॅरड आणि १० मेगाओहम म्हणजे दहा सेकंदांत दोन तृतीयांश खलास. ते उतरणं लपवू नकोस, परीक्षकांना तेच दाखव आणि का उतरतंय ते सांग.

सरांसाठी एक पक्का पुरावा देते. हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू ड्रायव्हरसारखा लाइन टेस्टर आण, त्याच्या आत काचेचा बारका निऑन दिवा असतो तो काढून घे. लाल एलईडी दोन व्होल्टच्या आत पेटतो, निऑनला साधारण सत्तर ते नव्वद व्होल्ट लागतात, त्याच्याखाली तो ढिम्म. ब्रिज, कपॅसिटर सगळं काढून टाक, दोन फॉइलच्या दोन वायरींमध्ये फक्त निऑन लाव, खोलीत पूर्ण अंधार कर आणि आपट. नारिंगी चमक दिसली की तेवढे व्होल्ट झाले, वाद मिटला. काढलेला निऑन घरातल्या प्लगला मात्र चुकूनही लावायचा नाही, टेस्टरमध्ये त्याच्यासोबत जो रेझिस्टन्स असतो तो आता नाहीये.

मग व्होल्टेज शंभराच्या घरात आणि वीज एवढीशी कशी? कारण चार्ज कमी. पृष्ठभागावर जास्त चार्ज साठला की हवेतच ठिणगी पडून तो निघून जातो, हवा साधारण एका मिलिमीटरला ३००० व्होल्टपर्यंतच दम धरते. त्या हिशोबाने शंभर चौरस सेंटीमीटरवर पाव मायक्रोकूलंबच्या आसपास चार्ज बसतो (दोन पृष्ठभाग अगदी जवळ असतील तर थोडा जास्त). आणि एक एलईडी २० मिलिअँपिअरने फक्त एक सेकंद नीट पेटवायला २०,००० मायक्रोकूलंब लागतात. तू देतेस ०.१. तरी दिसतो कारण झटका अगदी छोटा आणि आपला डोळा अंधारात फार तयार असतो. याच कारणाने एक गंमत करता येते, दहा-वीस एलईडी एकामागे एक सिरीजमध्ये लाव, सगळे एकदम लुकलुकतील, कारण तोच चार्ज सगळ्यांतून जातो आणि व्होल्टेजची आपल्याकडे कमी नाही.

स्टॉलवर शेजारी अजून एक गोष्ट ठेव असं मला फार वाटतं. स्टीलचं छोटं ताट घे, त्याच्या मधोमध प्लास्टिकचा पेला चिकटव, ते झालं हँडल. खाली पीव्हीसीचा किंवा अॅक्रिलिकचा जाड तुकडा ठेवून लोकरीच्या मफलरने चांगला अर्धा मिनिट घास. ताट त्याच्यावर ठेव, ताटाला बोट लावून काढ, मग पेल्याला धरून ताट उचल आणि बोट जवळ ने. टक्. ठिणगी. मी हे परवा रात्री ओट्यावर करून बघितलं, एकदा घासलं आणि नंतर पुन्हा न घासता ठेव, बोट लाव, उचल, टक्, असं चाळीस वेळा मोजलं आणि मग हात दुखला म्हणून थांबले. निऑनची एक तार हातात धरून दुसरी ताटाला लावली तर पीव्हीसीच्या वेळी हाताकडच्या तारेपाशी उजेड पडतो, म्हणजे ताटावर धन चार्ज आहे हेही कळतं. एकदाच घासलेल्या प्लास्टिकवरून इतक्या ठिणग्या, मग ही ऊर्जा आली कुठून? तुझ्या हाताने ताट उचलताना. खालचं प्लास्टिक ताटाला ओढून धरत असतं आणि तू त्या ओढीविरुद्ध उचलतेस, ते काम ठिणगीत जातं. १७७५ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टाने हेच उपकरण लोकांपुढे आणलं, त्याच्या आधी स्वीडनमध्ये विल्के या शास्त्रज्ञांनी केलं होतं, आणि कुठला पदार्थ कुणाशी घासला की धन होतो कुठला ऋण याची पहिली यादीही विल्के यांचीच, १७५७ ची. त्या यादीच्या आजच्या रूपात केस, नायलॉन, लोकर एका टोकाला आणि पीव्हीसी, टेफ्लॉन दुसऱ्या टोकाला. तुझी टेफ्लॉन टेप म्हणूनच बरोबर निवडलीयेस.

तुझा जनरेटर म्हणजे हेच ताट, फक्त वायर जोडलेलं. टेफ्लॉन फॉइलला टेकला की त्याच्यावर ऋण चार्ज बसतो आणि तो तिथेच चिकटून राहतो. दोन्ही जवळ असताना सगळं सांभाळलेलं असतं, लांब नेलंस की तोल जातो आणि तो सावरायला इलेक्ट्रॉन बाहेरच्या वायरमधून पळतात, परत जवळ आणलंस की उलट पळतात. म्हणून एसी म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज मिळते, आणि ती एका दिशेला वळवायला ब्रिज लागतो. हे उपकरण आजच्या रूपात २०१२ मध्ये अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये झोंग लिन वांग यांच्या गटाने प्रसिद्ध केलं. ते खरं तर दाबातून वीज देणाऱ्या पीझो साधनांवर काम करत होते, एका नमुन्यातून अपेक्षेपेक्षा जास्तच व्होल्टेज आलं, शोधल्यावर कळलं की दोन थर नीट चिकटलेले नव्हते आणि मधल्या फटीत घासले जात होते. त्यांनीही मीटरकडे बघून विषय बदलला असता तर?

शेवटचं, फिल्मला बोटं लावू नकोस, घामाचं मीठ बसतं आणि चार्ज त्याच्यावरून गळतो. हॉलमध्ये गर्दी आणि दमट हवा असेल तर आधी हेअर ड्रायरने सुकवून घे. आणि मला कळव काय झालं ते.

प्रश्न : ताई, मोबाईलवर सारखी एक जाहिरात येते, बुटात घालायचे इनसोल, नॅनो टेक्नॉलॉजी, चालता चालता फोन फुल चार्ज. मी रोज सकाळी तासभर चालतो. घ्यावेत का? फुकटची वीज वाया का घालवायची असं वाटतं. – निवृत्त एसटी कर्मचारी, सातारा

उत्तर : काका, घेऊ नका, पैसे जातील. हिशोब तुम्हीच बघा. ५००० एमएएचची फोनची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॉट-तास. इनसोलने सरासरी ५ मिलिवॅट दिले असं धरू, सरासरी म्हणतेय, एका क्षणाचा जास्तीत जास्त आकडा नाही. १९ भागिले ०.००५ म्हणजे ३८०० तास चालायला हवं. रोज एक तास म्हणजे दहा वर्षांहून जास्त, आणि त्यातही वायरिंग, सर्किट, बॅटरीची गळती काही धरलेली नाही.

हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. १९९८ च्या सुमारास एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये बुटात पीझोच्या पट्ट्या बसवून बघितलं होतं, सरासरी काही मिलिवॅटच मिळाले. त्या लोकांनी फोन चार्ज करायचा हट्ट नाही धरला, ते म्हणाले एवढ्यात काय होईल ते करू, आणि बूट दर काही पावलांनी आपला ओळख क्रमांक रेडिओवरून पाठवू लागला. मला ही पद्धत आवडते. साधं क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ एक-दोन मायक्रोवॅटवर चालतं, मिलिवॅटचा हजारावा भाग. तेवढ्यासाठी ५ मिलिवॅट म्हणजे खूप झाले. तापमान, दाब, हालचाल मोजून मिनिटाला एकदा निरोप पाठवणारे सेन्सर असतात, त्यांची बॅटरी बदलायला उंच खांबावर किंवा पुलाखाली माणूस चढवावा लागतो, तिथे या असल्या जनरेटरला खरी जागा आहे.

आणि फुकट म्हणाल तर फुकट काही नसतं. बुटाचा तळ जेवढा दबतो तेवढं काम तुमच्या पायाने केलेलं असतं. कठीण फरशीवर चालणं आणि वाळूत चालणं यातला फरक तुम्हाला ठाऊक आहे, जास्त वीज काढायची म्हणजे बूट जास्त वाळूसारखा करायचा. तुमचे गुडघे त्याच्यापेक्षा महाग आहेत काका.

प्रश्न : आमचे लूम आहेत, पॉलिस्टर धाग्यावर काम. थंडीत धागा एवढा चार्ज होतो की केस उभे राहतात, धागे एकमेकांना चिकटतात, ताण बिघडतो. ही वीज गोळा करून लाइट बिल कमी करता येईल का? – यंत्रमागधारक, इचलकरंजी

उत्तर : बिल कमी होणार नाही, उलट विचार करून बघा. धाग्यावरची वीज कुठून आली? धागा गाइडवर घासला म्हणून, आणि धागा ओढतेय तुमची मोटर. म्हणजे ती तुमच्याच मीटरमधून गेलेली वीज आहे. साध्या मागाची मोटर अर्धा-पाऊण किलोवॅटची धरली तर त्याच्यासमोर धाग्यावरचा चार्ज मिलिवॅटच्या गोष्टी करतो, आणि तो काढून घ्यायला अजून घासलं तर धागा तुटेल. तुमच्यासाठी तो घालवणंच बरोबर. हवेत दमटपणा ठेवा, धाग्याला अँटिस्टॅटिक फिनिश असतं ते बघा, चार्ज मारणारे आयनायझर बार मिळतात, आणि मागाचं अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोचलंय का ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. मुंबईत कापडगिरण्या फोफावल्या त्यात दमट हवेचाही हात होता असं म्हणतात ते काही उगाच नाही, कोरड्या हवेत सूत तुटतं आणि चार्जही धरतं.

पण तुमच्या धंद्यात या विजेचा एक उपयोग आधीच होतोय आणि त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पळत्या धाग्यावरचा चार्ज बघून बाणा (आडवा धागा) चालू आहे की तुटला हे ओळखणारे सेन्सर असतात. धागा पळतोय तोवर सिग्नल येत राहतो, थांबला की सिग्नल थांबतो आणि माग बंद. धाग्याला अडवायचं नाही, फक्त त्याच्या चार्जकडे लक्ष ठेवायचं. कारखान्यांच्या धुराड्यातही हेच, धूळ अडवणारी कापडी पिशवी (बॅग फिल्टर) फाटली की धुळीचे कण आत लावलेल्या दांडीला घासून जातात आणि त्यांचा चार्ज लगेच सांगतो की गळती आहे. तुमच्या शेजारचा झेरॉक्सवाला बघा, त्याच्या मशीनमधली काळी पावडर बारीक मण्यांशी घासून चार्ज होते म्हणूनच अक्षरांच्या जागी जाऊन बसते. मला विचाराल तर घर्षणाची वीज पोटापाण्याला लागली ती या असल्या कामांनी, आणि पुढेही हीच वाट मोठी होईल असं वाटतं. नवीन माग घ्याल तेव्हा धागा तुटल्याचं ओळखणारा सेन्सर कुठल्या तत्त्वावरचा आहे ते विचारून घ्या.

प्रश्न : पावसाच्या थेंबापासून वीज करतात म्हणे, एका थेंबात शंभर दिवे. आमच्याकडे तर चार महिने नुसता पाऊस, सोलरला ऊन नाही. कोकणातल्या कौलांवर हे बसवलं तर? – बागायतदार, रत्नागिरी

उत्तर : तुम्ही वाचलंत ते खरं आहे. २०२० मध्ये हाँगकाँगच्या सिटी युनिव्हर्सिटीतल्या गटाने दाखवलं की १०० मायक्रोलिटरचा थेंब १५ सेंटीमीटरवरून टेफ्लॉनसारख्या थरावर पडला की १४० व्होल्टच्या वर जातो आणि शंभर छोटे एलईडी चमकतात. पण चमकतात म्हणजे क्षणभर. त्या थेंबाला पडताना मिळालेली सगळी ऊर्जा मोजली तर एका ज्यूलचा सुमारे सात हजारावा भाग. ती एका मिलिसेकंदाच्या आसपास सगळी बाहेर टाकली की त्या क्षणी वॉटचा आकडा मोठा दिसतो, आणि बातमीत तोच छापला जातो.

आता तुमचं कौल. रत्नागिरीकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस धरू, म्हणजे एका चौरस मीटरवर ३००० किलो पाणी. मोठे थेंब सेकंदाला सात मीटरच्या आसपास वेगाने येतात. शंभर चौरस मीटरच्या छपरावर पूर्ण पावसाळाभर पडलेल्या सगळ्या थेंबांची सगळी ऊर्जा, एक कणही वाया न घालवता, पकडली तरी होतात सुमारे २ युनिट. अख्ख्या वर्षाचे दोन युनिट! एक किलोवॅटचं सोलर उघडीप असलेल्या एका दिवसात चार युनिटच्या आसपास देतं. मीही हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा दोनदा तपासला, चुकला असेल असंच वाटलं.

तुमच्याकडे पावसाची ताकद थेंबात नाही, उंचीत आहे. तेच पाणी सड्यावरून (वरच्या माळावरून) पन्नास मीटर खाली पाइपने आणलं तर किलोमागे ऊर्जा वीसपट होते आणि पाणी एका जागी गोळा झालेलं मिळतं. तुमच्या जमिनीत पऱ्ह्या (ओढा) असेल, पावसाळाभर वाहता असेल, तर छोट्या टर्बाइनचा विचार करा. आणि दमट हवेत घर्षणाचा चार्ज टिकत नाही, पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि चार्ज त्याच्यावरून निघून जातो, म्हणून समुद्राच्या लाटांसाठी जे नमुने करतात ते चेंडूसारखे पूर्ण बंद करतात, आत कोरडी हवा आणि एक गोळी इकडून तिकडे घरंगळणारी. पावसाळी हवेची माहिती देणारा एखादा सेन्सर थेंबांवर चालू शकेल, पंप नाही चालणार.

प्रश्न : मुलाकडे शिकागोला आलेय. हिवाळा आहे, घरात हीटर, खाली कार्पेट. दाराच्या कडीला हात लावला की झटका, नातवाला उचलून घेतलं की झटका. त्याला काही होणार नाही ना? – एक आजी

उत्तर : आजी, घाबरू नका, नातवाला काही होणार नाही. बाहेरची गोठलेली हवा आत आणून तापवली की ती फार कोरडी होते, मग कार्पेटवर चालताना अंगावर चार्ज बसतो तो निघून जात नाही. झटका जाणवतो तेव्हा अंगावर तीन हजार व्होल्टच्या पुढे असतात, आकडा ऐकून धडकी भरते, पण आपल्या शरीरात चार्ज मावतो फार थोडा, पाच हजार व्होल्टलाही ऊर्जा एक मिलिज्यूलच्या आसपास. टाचणी टोचल्यासारखं होतं एवढंच. बाळाला घ्यायच्या आधी हातात किल्ली घट्ट धरून ती दाराच्या धातूच्या कडीला टेकवा, ठिणगी किल्लीवर पडेल, बोटाला लागणार नाही. खोलीत ह्युमिडिफायर लावा, पायात सुती मोजे घाला, नायलॉनची साडी आणि लोकरीची शाल एकत्र टाळा.

एक गोष्ट मात्र मुलाला आवर्जून सांगा. तिकडे गाडीत पेट्रोल स्वतः भरतात. नळी लावून ठेवून थंडीमुळे परत गाडीत जाऊन बसायचं आणि मग उतरून थेट नळीला हात लावायचा, हे करू नये. सीटवरून उठताना अंगावर चार्ज येतो आणि त्या छोट्या ठिणगीने पेट्रोलच्या वाफेने पेट घेतल्याच्या घटना तिथे झालेल्या आहेत. बसावंच लागलं तर उतरल्यावर नळीपासून लांब, गाडीच्या पत्र्याला आधी हात लावायचा, मगच नळीकडे जायचं.